पाय ठेवायची जागा

मेलेला सेन्सर परत आला
तो जुन्या बनियनच्या अर्ध्या तुकड्यात गुंडाळून.
चलन नाही, तक्रारीचा कागद नाही,
चिकटपट्टीवर बॉलपेनने एवढंच : बोलत नाही.
उलव्याच्या पुढे, भरावाच्या कामावर,
चाळीस टनी एक्स्कॅव्हेटरच्या बूमला तो होता.
अकरा आठवडे.
आम्ही लिहून दिली होती पाच वर्षं.

रबाळ्याच्या गाळ्यात, ट्यूबलाइटखाली,
मी त्याचा डबा कापला.
आत काळं रेझिन जसंच्या तसं,
प्रमिला गोवारीने ओतलेलं, एक बुडबुडा नाही;
ओतताना ती श्वास धरते,
एकतारी पाकावर वाकावं तशी वाकते.
ओ-रिंग कोरडी. सर्किट जिवंत.
थेट वीज दिली तर त्याने लगेच सांगितला
टेबलाचा उतार : शून्य पूर्णांक चार अंश.
(टेबल कललेलंच आहे.
एका पायाखाली आम्ही पुठ्ठा घातलाय.)

म्हणजे मेली होती फक्त मान.
केबल डब्यातून बाहेर पडते
तिथली दोन बोटं जागा,
तांबं केसाकेसाने तुटलेलं.

मी मान जाड केली.
स्प्रिंग चढवली, वरून रबराची बाही.
कंपनाच्या टेबलावर तीन रात्री आवळून ठेवला,
मिठाच्या धुक्यात कोंडला,
भट्टीतून काढून थेट बर्फात.
चोराला मारावं तसं मारलं,
तो आपला खरंच सांगत राहिला.
मी सही केली.

नऊ आठवड्यांनी परत आला.
बनियनच्या उरलेल्या अर्ध्यात.

मग मी गेलो.
डांबर संपतं आणि टायरांचे चर सुरू होतात तिथे
हसुराम भोईर बूम जमिनीला टेकवून
ग्रीसगन घेऊन वर चढत होता.
मी काही विचारायच्या आधीच दिसलं :
डावा पाय ट्रॅकवर,
उजवा, चिखलाच्या गमबुटासकट,
माझ्या सेन्सरवर.
"रोज ग्रीस माराला चराला लागतं," तो वरूनच म्हणाला,
"दुसरा पाय कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावं?"
आणि हसला, आणि पिनमध्ये ग्रीस भरत राहिला,
नव्वद किलो, त्या दोन बोटं जागेवर.

माझ्या ड्रॉइंगमध्ये दगडाची भुकटी होती,
खाडीचा खारा वारा, डिझेल,
पाण्याच्या फवाऱ्याचा दाब,
सगळ्यांना आकडे, सगळ्यांना मर्यादा.
हा पाय नव्हता.
दोन्ही वेळा डब्याच्या पाठीवर आडव्या रेघा होत्या,
ओळीने, एकसारख्या.
दोन्ही वेळा मी त्या
टूथब्रशने घासून स्वच्छ केल्या होत्या,
नीट तपासता यावं म्हणून.

सहा मिलिमीटरचा पत्रा, वर उंचवटे, दोन बोल्ट.
सेन्सरच्या वर छपरासारखी एक पायरी.
केणी साहेबांनी खर्चाच्या कागदावरून चष्मा काढला :
आपण सेन्सर विकतो की जिने?
मी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी
ते माझं मलाच ठरवता आलं नाही.
पण सुट्या भागांच्या यादीत आता आहे,
नवव्या क्रमांकावर, रेझिन आणि ग्लँडच्या मध्ये :
पाय ठेवायची जागा, नग एक.

चौदा महिने झाले. बनियन आलेलं नाही.
लॉगर रात्रभर बॅटरीवर जागा असतो,
त्यामुळे आलेखात दिसतं :
सकाळी सात-सव्वासातला, किल्ली फिरायच्या आधी,
सपाट रेघेवर एक बारीक झोका,
जेमतेम एक दशांश अंश.
थोड्या वेळाने आणखी एक, उतरतानाचा.
सॉफ्टवेअरची पोरगी म्हणाली, सर, हा नॉइज आहे,
गाळून टाकू?

परवा रविवार नसताना झोका आला नाही.
मी दुपारपर्यंत थांबलो,
मग फोन लावला.
"पोरीचं लगीन हाय," हसुराम म्हणाला, मागे बेंजो,
"तुला कोणी सांगितलं मी कामावं नाय?"