सरासरी

त्या वर्षी आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही.
ऑफिसातून सरासरी काढली, बिलं पाठवली.
मागच्या तीन बिलांची बेरीज, भागिले तीन.
जगले असाल असंच काहीतरी, असं धरून.

पुन्हा फिरू लागलो तेव्हा वाडीतल्या पोळांमध्ये
जिन्याखालच्या मीटरांवर बोटभर धूळ,
एका पेटीत पालीची अंडी.
टॉर्च दातांत धरायची सवय; मास्क मध्ये येत होता.
आकडे मात्र जागेवर. आकड्यांना काही झालं नव्हतं.

रावपुऱ्यात कुमुदबेनकडे दर बिलाला अडीचशेच्या आसपास,
त्या खेपेला पाचशे एकवीस.
म्हटलं, अर्ज करा, मीटर पळत असेल.
"पळत नाही, भाई. मशीन होतं, ऑक्सिजनचं.
एकोणीस दिवस."
मग फिक्स चार्जच्या चाळीस रुपयांवरून
माझ्याशी पाऊण तास भांडल्या.
डब्यातून जुनी बिलं काढली, जावयाला फोन लावला.
त्या जादा युनिटांबद्दल एक शब्द नाही.
चाळीस रुपये मला कमी करता येत नाहीत,
पण निघताही येईना.

मीही चौदा दिवस गच्चीवरच्या खोलीत होतो.
माणिक वरच्या पायरीवर ताट ठेवून खाली जायची,
मग खालून ओरडायची, "घेतलंत?"
तिथे बरंच काही ठरवलं होतं.
यशवंताशी बोलायचं; कारेलीबागेतल्या प्लॉटवरून नऊ वर्षं अबोला आहे.
पोहायला शिकायचं. चांदोदला जाऊन नर्मदेत,
घाटावर तांब्या घेऊन नव्हे, आत.
देवाला शब्दही दिला होता,
की उरलेलं आयुष्य कशाला तरी लावीन.
कशाला, ते सांगितलं नव्हतं. ताप होता.

बरा झालो. पोहणं राहिलं.
यशवंताला एकदा फोन लावला, तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता,
आणि मला, लाज वाटते, सुटल्यासारखं झालं.

लोक म्हणतात, वाचलास, म्हणजे काहीतरी कारण असेल.
मग भावसार मास्तरांकडे काय कारण कमी होतं?
अर्धी पोळ त्यांच्याकडे गणित शिकली.
मीसुद्धा. हे भागिले तीन त्यांचंच.
तेव्हा हे कारणबिरण मी
कुणाच्या तोंडून ऐकून घेत नाही.

मीटर खालीच असतात. वर चढायची गरज नसते.
तरी आताशा मी बेल वाजवतो.
"लाइटवाला," म्हणतो. कुणीतरी येतं,
पिठाचे हात, नाहीतर शर्टाविना एखादं पोरगं.
"शुं थयुं?"
काही नाही, रीडिंग घेतलं, म्हणतो.
दिवसाला दीडशे घरं व्हायची, आता एकशे दहा.
साहेबांना वाटतं, म्हातारा झालो.
बेल वाजवून काय होतं, मला ठाऊक नाही.
उरलेली चाळीस घरं दुसऱ्या दिवसावर जातात, एवढं ठाऊक आहे.

दांडिया बाजाराच्या मागे एक कुलूप आहे.
घराचा नंबर सांगता येणार नाही, मीटरचा पाठ आहे.
चार बिलं झाली, ०४४१७.
"घर बंद" हे आता हातच लिहितो.
काल लिहिलं, पुढे गेलो,
परत आलो, टॉर्च मारली.
०४४१८.

एक युनिट.
कुलूप तेच, कडीवरचा गंज तोच,
उंबऱ्यावरची धूळ तेवढी एका बाजूला सरकलेली.
कुणी आलं असेल. पंखा लावून
रात्रभर बसलं असेल.

बेल दाबली. आत नीट वाजली.
थोडा थांबलो, जसं थांबतात तसं.
मग "घर बंद" खोडलं,
आणि तिथे काय लिहावं ते सुचेना.