फैलाकावरचा ड्रेसर

फैलाका बेटावर हिवाळ्यात खणकाम चालतं.
माझी पेटी तंबूच्या सावलीला:
बीटाडीन, गॉज, कात्री, विंचवासाठी एक इंजेक्शन.
परवा पडक्या घराच्या भिंतीतनं गोळी निघाली,
नव्वद सालची. चार पावलांवर ग्रीकांचा दगड.
कालिओपीबाई दोन्ही एकाच ब्रशनं झाडत होती.

मग चहा गार होईस्तोवर सांगत बसली:
एक होता माखाओन, वैद्याचा मुलगा,
लढायलाही जायचा, शिवायलाही.
राजाच्या कमरपट्ट्यातून बाण उपसला,
ओढताना बाणाचे काटे मोडले मागे.
जखम तोंडानं चोखली, वर औषध चोळलं.
"थुंकला ना नंतर?" मी विचारलं.
तिला ठाऊक नव्हतं.
हे असलं कुणी लिहून ठेवत नाही.

पुढे त्यालाच लागला, खांद्यात, तीन टोकांचा.
रथात घालून मागे आणला. आणि उपचार?
वाइन, त्यात किसलेलं चीज, तोंडी लावायला कांदा.
मी हसलो. आमच्या देवगडात
पेज नि लोणचं दिलं असतं.

आज डबा उघडताना पत्र्यानं तळवा फाटला.
उजवा. डाव्यानं गाठ बसेना.
खड्ड्यातून मोफिझुल वर आला,
ज्याच्या घोट्यातला पू मी आठ दिवस काढला.
बाटलीच्या पाण्यानं हात धुतले त्यानं,
दोनदा, मी ओरडून शिकवलं होतं तसे,
आणि बांधली पट्टी. ढिली. तिरकी.

सोडून पुन्हा बांधता आली असती.
संध्याकाळच्या बोटीपर्यंत
तशीच ठेवली.