जाऊन-येऊन सव्वातीन

पत्रकात छापलंय : हरित मार्ग, लांबी सव्वातीन किलोमीटर.
विरोधकांच्या पत्रकात : मार्गच नाही, नुसता फलक.
दोन्ही पत्रकं एकाच छापखान्यातली, एकाच निळ्या शाईची,
आणि माझं साप्ताहिकही तिथेच निघतं दर गुरुवारी,
त्यामुळे शाईवरून काही ठरवता येत नाही.

मंडपवाल्या परुळेकरांची तीस मीटरची टेप मागून आणली.
दुसरं टोक रुंजीने धरलं, माझ्या भाचीने. चौथीत आहे.
शून्यावर बोट ठेवलं की हलत नाही,
कुत्रं अंगावर आलं तरी.
जेटीपासून खडूच्या खुणा करत,
सुकत घातलेल्या बांगड्यांना वळसा घालून
आम्ही पाणंदीत शिरलो.
हो, पाणंदच ती.
दोन्ही बाजूंना तोच गडगा, तीच घाणेरी,
खाली लाल ब्लॉक बसवलेत.
नवीन आहे ते तेवढंच. आणि नाव.

चोपन्न वेळा टेप, वर पाच मीटर.
सोळाशे पंचवीस.

नगरपंचायतीत आकडा टेबलावर ठेवला.
अभियंता आरोसकर भला माणूस. चहा सांगितला,
पंख्याचा आवाज वाढवला, मग म्हणाला,
"माणूस जातो तसा परतही येतो ना, मॅडम?
जाणं-येणं धरलंय."
मी वहीच्या कडेला गुणाकार केला.
सोळाशे पंचवीस दुणे. बरोबर सव्वातीन किलोमीटर.
एका वितीचंही खोटं नाही.

झाडं चारशे, गेल्या वर्षी लावलेली.
जिवंत सापडली एकशे सहा.
त्यातलीच एक उंडी, बुंध्यावर पांढऱ्या रंगात २१२.
रुंजी आणि मी हात पसरून तिला भिडलो,
तरी बोटांना बोटं लागेनात.
एका वर्षात एवढी. माती चांगली असणार.

राहिली घरकुलं.
एक बाजू म्हणते एकशे बारा,
दुसरी म्हणते एकही नाही.
खाडीच्या अंगाला, मळ्याच्या भरावावर,
भर दुपारी मी दारोदार फिरले.
छप्पर असलेली एकोणसत्तर.
दार असलेली एक्कावन्न.
मीटर फिरताना दिसला,
दोरीवर ओलं लुगडं किंवा कुणाची शाळेची चड्डी दिसली,
अशी अडतीस.
गुरुवारी छापलं : अडतीस.
शुक्रवारी दोन्ही बाजूंनी मला
समोरच्याची माणूस ठरवलं.
मला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं.

रविवारी शेवंती तांडेल कचेरीत आली,
हातात वीजबिल, बिलाला मासळीचा वास.
"माझा घर मोजूक नाय तू."
मी वही काढली. क्रमांक सतरा : कुलूप.
"दुपारी इलंस तू. दुपारी मी लिलावाक.
कुलूप दिसला म्हणजे माणूस नाय काय?"

एकोणचाळीस.
पुढच्या अंकात चौकट टाकली, पहिल्याच पानावर,
चूकभूल द्यावी घ्यावी.
संध्याकाळपर्यंत तीच चौकट
दोन्ही गटांच्या मोबाइलवर फिरत होती :
बघा, हिची मोजणीच चुकीची.
उंडीचं कुणी काही बोललं नाही.
जाण्या-येण्याचंही नाही.

मी पुन्हा मळ्यात गेले, या वेळी दिवेलागणीला,
कुलपं उघडतात तेव्हा.
अजून दोन घरं वाढली असती, की तीन,
एका खिडकीत उजेड होता, पण तो आरशाचा असावा.
शेवंती हंडा घेऊन दारात उभी.
तिच्या घरात नळ आहे, चकचकीत आहे,
पाणी नाक्यावरच्या टाकीवर.
"येवढा इलंस, तर ह्यापण मोज गो," म्हणाली.

टेप परुळेकरांनी परत नेली होती, लग्नसराई सुरू.
म्हणून पावलांनी मोजायला लागले,
ती पुढे, मी मागे.
जाताना तीनशे चाळीस.
येताना हंडा भरलेला, तिचं पाऊल आखूड,
माझ्या हातात नुसती वही,
आकडे जुळेनात.
किती लिहू?
जाण्याचे की येण्याचे,
आणि कुणाच्या पावलांनी?
गुरुवार परवावर आलाय.