चौथी चकती

बेसिनच्या जाळीवरून कापूस फिरवला,
आगरवर पसरला,
चार चकत्या ठेवल्या.
रात्रभर सदतीस अंश.

सकाळी ब्लीचभोवती एकवीस मिलिमीटर
मोकळं अंगण.
निळ्या बाटलीचं चौदा.
व्हिनेगरचं जेमतेम नखाएवढं.

चौथी आईची.
सिडकोतल्या गॅलरीत, पिवळ्या बादलीत
काठीने ढवळलेलं फिनेल.
चकतीच्या अगदी कडेपर्यंत
जंतूंची दाट साय.

खैरनार मॅडम म्हणाल्या, "शून्य लिही."
लिहिलं.

घरी आई बुचं आवळत बसलेली,
नाशिकरोडच्या दवाखान्याची ऑर्डर, दहा लिटर.
"काय गं, मेले का?"

पाइनचा वास पार जिन्यापर्यंत.
मी विचारलं, पाणी किती घालतेस?

तिनं आधी बादलीकडे पाहिलं,
मग माझ्या फीच्या पावतीकडे.
"कंपाउंड महागलंय," म्हणाली.