चढी पट्टी

पास्कूमामाने बोटीवरून आणलेला हा कॉन्सर्टिना,
सहा बाजूंचा, दोन तळव्यांत मावणारा.
चुईमच्या गावठाणात सगळे त्याला
फुंकणीच म्हणतात.

दाबताना एक सूर, ओढताना दुसरा,
कळ मात्र तीच.
एवढं बोटांना पटेपर्यंत माझे दोन नाताळ गेले.

सातव्या कळीची पट्टी गंजून मेली
तेव्हा परळच्या गुरवांनी
हार्मोनियमची एक घासून बसवली.
“जराशी चढी बोलेल,” म्हणाले. “पण बोलेल.”

बोलली.
लग्नाआदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणायला
विहिरीकडे निघालो की पुढे घुमट, मागे मी,
आणि रेजिनबाय, आजीची गाणी म्हणताना
नेमकी त्या जागी आली की
मान ताणून त्या चढ्या सुरावर जायची.
मग तिच्या मागून सगळ्या बायका.
बावीस वर्षं.

यंदा पुतण्याने खरी पट्टी मागवली, परदेशातून.
गुरव राहिले नाहीत. मीच स्क्रू काढले,
चष्म्यावर चष्मा लावून बसवली.

रविवारी क्रूसाजवळ, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर
आम्ही अकरा जण.
रेजिनबाय अर्ध्या ओळीत थांबली.
“आगुस्तीन, काय केलंस रं हिला?
खोटी वाजते.”

जुनी पट्टी शर्टाच्या खिशात होती,
औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळलेली.
दातांत धरली, नखाने छेडली.

“हां,” ती म्हणाली. “हितून धर.”