तिसरा पूल

वीस मिनिटांची सुट्टी असते.
त्यातली चार हातमोजे काढण्यात जातात,
गारठलेली बोटं आपलीच आहेत याची खात्री करण्यात.
मग कॉफी. मग कुणीतरी विचारतंच,
"सध्या काय खेळतेयस?"

बोट्सफ्योर्डला नोव्हेंबरात सूर्य जातो
तो जानेवारी सरत आल्यावरच तोंड दाखवतो.
हवेबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही,
कॉड माशाबद्दल तर त्याहून नाही.

तोरब्योर्ग एकसष्ट वर्षांची.
आपल्या सुरीला ती कुणाला हात लावू देत नाही.
घरी जाऊन पडद्यावर भोपळे लावते.
"पण रात्री कोल्हा येतो ना त्यात, कोंबड्यांवर?"
"कोल्हा यायच्या आत मी बंद करते.
दिवसभर कापाकापीच केलेली असते, बाई."

कुगनेसन ट्रक चालवतो.
स्टिअरिंगसुद्धा विकत घेतलंय, बायकोला सांगितलं मुलासाठी.
रात्री तीन वाजता, वाळवंटात, चिटपाखरू नसताना
तो लाल सिग्नलला थांबतो.
"तोडला तर कुणी पकडत नाही," म्हणतो,
"म्हणूनच तर."

आइलू एकोणीस वर्षांचा, त्याची तक्रार ठरलेली:
नव्या अपडेटने त्याच्या बंदुकीचं पार वाटोळं केलं.

आणि मी?
एकाच राक्षसाच्या हातून सदतीस वेळा मेले.
अडतिसाव्या खेपेला त्याच्या पाठीमागचा समुद्र दिसला.
कुणीतरी निगुतीने काढलेला, लाटेच्या काठाला
फेसाची बारीक दातेरी किनार.
इतक्या दिवसांत मी तिकडे पाहिलंच नव्हतं.
बघत उभी राहिले.
अर्थातच मेले.

गिंतौतास शेवटी बोलायचा.
गेमचं नाव लिथुएनियन, म्हणे, तुमच्या जिभेला पेलायचं नाही.
पाठीवर मिठाचं पोतं घेऊन डोंगरापलीकडच्या गावाला जायचं.
पाऊस आला की ओझं वाढतं
आणि मीठ कमी होतं.
वाटेत सात पूल, प्रत्येकावर एक राखणदार.
पहिल्याला एक खोटं सांगावं लागतं,
दुसऱ्याला बूट द्यावे लागतात,
मग पुढचा बर्फ अनवाणी.
तो हातांनी सांगायचा. टेबलावर साखरेच्या पुड्यांचे पूल.
कॉफीवर साय धरायची आणि कुणाला भान नसायचं.

आइलूने सगळी ऑनलाइन दुकानं पालथी घातली.
"असा गेमच नाही," तो बोलायला लागला
आणि मी टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवला.

कारण त्याच आठवड्यात मी
त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले होते.
खोलीत पलंग. एक शेगडी. बटणांचा फोन.
टीव्ही असावा अशी जागा होती,
तिथे भिंतीला खिळा, खिळ्याला
नीट गुंडाळलेली एक वायर.
विकलं असेल. की कधी नव्हतंच.
मी दाराबाहेरूनच म्हटलं, येते हं.

दुसऱ्या दिवशी, कॉफी ओतताना,
कुणाकडेच न बघता म्हणाले,
"घेतला मी तुझा गेम. तिसऱ्या पुलावर अडकलेय."

फ्रिज घरघरत होता.
"तिथे मीही लटकले होते," तोरब्योर्ग म्हणाली.
कुगनेसनने चष्मा पुसला: "मी तर अजून दुसऱ्यावरच. बूट देववत नाहीत."

गिंतौतास कपात बघत राहिला.
बराच वेळ. कान लाल झालेले.
मग एक पुडी पुढे सरकवून विचारलं,
"राखणदाराला काय दिलंस?"
"मीठ."
"तिथेच चुकलीस. मागतो तो मीठ.
पण त्याला आधी विचारायचं,
जेवलास का?"

भोंगा झाला. हातमोजे. बेल्ट.
आइलू पलीकडून ओरडून विचारत होता
चौथ्या पुलावर कोण असतं.
मशीनच्या आवाजात मला उत्तर ऐकू आलं नाही.
तोरब्योर्गला आलं असावं,
सुरी थांबवून ती हसत होती.