डोळे दाखवायला

राजारामपुरी, आठवी गल्ली, दुसरा मजला.
भिंतीवर मागच्या वर्षीच्या पोरांचे फोटो,
प्रत्येकाच्या हनुवटीखाली त्याचा रँक.
बरोबरला चार, चुकलं की उणे एक,
माहीत नसेल तर गोल रिकामा सोडायचा.
मला जमतं ते.
आमच्या घरात कुणालाच जमत नाही.

मालनआत्या वेणी घालायची.
डोक्याची नव्हे, चपलेची.
चामड्याच्या तीन बारीक वाद्या,
बोटं न बघता चालायची
आणि तोंडानं अख्ख्या सुभाषनगरची उणीदुणी.
दिवाळीआधी, ऑर्डरीच्या ऐन घाईत,
एका वेणीच्या मध्यावर ती थांबली.
थांबली म्हणजे थांबलीच.
वादी बोटात, हात मांडीवर,
समोरच्या चहावर साय धरली तरी
पापणी हलेना.

मग रात्रीची उठून अंगणात फिरायला लागली.
तिच्या चपलेत बाबांनी हौसेनं विंचू घातलेला,
तळाच्या दोन थरांत ते वाजणारं बी.
कर्र कर्र, न्हाणीपासून जिन्यापर्यंत,
जिन्यापासून न्हाणीपर्यंत.
मी आत सेंद्रिय रसायनाशी झटापट करत
तिच्या फेऱ्या मोजायची.
एकदा एकशे बाराला आवाज बंद झाला,
मी पुस्तक टाकून धावले.
ती नुसती उभी होती, चपला हातात धरून.
"तुझा अभ्यास मोडतोय न्हवं," म्हणाली.

शेजारचे म्हणाले, बाहेरचं आहे.
काका म्हणाला, आराम जास्त झालाय.
आई म्हणाली, पोरीची परीक्षा होऊ दे, मग बघू.
मेंदूचा धडा आहे माझ्या पुस्तकात,
सुबक आकृती, नावं तोंडपाठ,
पेपरात दोन-तीन प्रश्न.
त्यातल्या कुठल्याच बाणाच्या टोकाशी आत्या नाही.

शेवटी एका मंगळवारी टेस्ट बुडवून
मीच तिला सीपीआरला नेलं.
दसरा चौकात उतरतो न उतरतो तोच
गल्लीतली कुणी भेटली, इकडं कुठं?
"डोळं दाखवाय आलोय," आत्या म्हणाली.
दोन महिन्यांत इतकं झटकन
ती काही बोलली नव्हती.

मानसोपचारच्या बाकावर
सगळेच डोळे दाखवायला आलेले.
पदर पुढं ओढून, मफलर गुंडाळून,
केसपेपर मांडीवर पालथा घालून.
कोपऱ्यात सरनोबत सर.
आमचे. फिजिक्सचे.
"रडगाणी चपलेबरोबर बाहेर काढून या" म्हणणारे.
शर्टाला कडक इस्त्री,
बटणं एक घर चुकलेली.
"डोळे," ते म्हणाले.
"आम्ही पण, सर."
आत्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं.
"कधीपास्नं दिसंना झालंय?"
सर बराच वेळ केसपेपरची घडी घालत राहिले.
"मार्चपासून."

गुरुवारी त्यांनी घर्षण शिकवलं.
माझ्या बाकाकडं बघितलं नाही.
फक्त अडखळणाऱ्या घोरपड्याला, ज्याला रोज उभं करायचे,
"बस. येऊ नंतर त्याच्याकडं," म्हणाले.

मला काय व्हायचंय ते बाबांना सांगितलं.
आरी थांबली.
"वेड्यांची डॉक्टर?
हाडाची हो की. हाडं कशी,
फोटोत दिसत्यात."
काहीतरी छान बोलता आलं असतं यावर.
मी म्हणाले, आधी नंबर तर लागू दे.

नंबराचं सांगता येत नाही. पाचशे दहाच्या वर सरकत नाहीये मी.
आणि आत्याला नेमकं काय झालंय तेही कळत नाही मला,
गोळ्यांची नावं कळतात,
ती सकाळी जडावते एवढं कळतं.
पण दवाखाना कसा हवा ते ठरलंय.
रस्त्याला लागून. पाटी एवढी मोठी
की केएमटीतून उभ्यानं वाचता यावी.
आणि शेजारी चष्म्याचं दुकान अजिबात नको.

काल आत्यानं वाद्या हातात घेतल्या.
चार पेड घातले, उसवले.
पुन्हा तीन. तेही राहिले तसेच, लोंबत.

रात्री अंगणात तिची पावलं आली,
अनवाणी, चोरासारखी.
मी खिडकीतून म्हटलं,
घाल पायात. अभ्यास मोडत नाही.
थोडा वेळ काहीच नाही.

मग कर्र.
एक. दोन.